पंचनाम्याची वाट

लम्पी चर्मरोगाने दगावलेल्या गुरांसाठी शासनाने 2022 मध्ये जाहीर केलेले साहाय्य, म्हणजे दुभत्या गाईस 30 हजार, बैलास 25 हजार आणि वासरास 16 हजार रुपये, रत्नागिरी जिल्ह्यातील गोपालकाच्या पदरात विनाविलंब पडले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अंगभर गाठी उठलेला, पाय सुजलेला बैल एकदा गोठ्यात बसला की पुष्कळदा पुन्हा उठत नाही. आणि डांबरी सडकेपासून दूर, पऱ्ह्यापलीकडच्या वाडीत पशुवैद्यक पंचनाम्यासाठी येईपर्यंत पावसाळ्यात मृत जनावर उघड्यावर ठेवणे कोणासही शक्य नसते. खड्डा खणून, चुना पसरून ते पुरले, की पुराव्यावाचून दावा नामंजूर होण्याचे भय मागे उरते. याचा परिणाम केवळ एका कुटुंबाच्या नुकसानीपुरता राहत नाही. वर्दी दिल्याने निर्बंध तेवढे पदरी येतात आणि पैसा येत नाही, असा अनुभव गावात एकदा रुजला, म्हणजे दुसरा शेतकरी रोग लपवील, आणि माशा, डास व गोचिडी तो शेजारच्या गोठ्यात निमूटपणे पोहोचवतील.

म्हणून, कानात ओळखीचा बिल्ला नसलेल्या गावठी गुरांबाबत पोलीस पाटील व सरपंच यांचा दाखला आणि छायाचित्र जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने ग्राह्य मानावे. भातकापणी उरकताच कुळीथ-पावट्यासाठी नांगर धरावा लागतो. त्यापूर्वी रक्कम खात्यावर जमा झालीच पाहिजे.