इटलीची सहल : निवास आणि प्रवास यांचा एकच हिशोब

परदेशी सहलीची आखणी करताना पुष्कळ घरांमध्ये एक क्रम ठरून गेलेला दिसतो. प्रथम विमानाचे तिकीट काढले जाते. त्यानंतर स्वस्त हॉटेलांचा शोध सुरू होतो. त्या हॉटेलांपर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न मात्र ‘तेथे गेल्यावर पाहू’ या सदरात ढकलला जातो. इटलीच्या बाबतीत हा क्रम महागात पडतो. कारण तेथे निवास आणि वाहतूक हे दोन निरनिराळे खर्च मानले, की दोन्हींचा हिशोब चुकतो.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका दांपत्याने निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून दहा दिवसांच्या इटलीसाठी पाच लाख रुपये बाजूला काढले. म्हणजे सहलीचा प्रत्येक दिवस पन्नास हजारांना पडला. यादीत मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम आणि नेपल्स अशी सहा शहरे असून प्रत्येक ठिकाणी मुक्काम आहे. हॉटेलची खोली साधारणतः सकाळी दहा-अकरापर्यंत सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी दोन-तीननंतर मिळते. सामानाची बांधाबांध, स्टेशन, गाडी आणि नव्या पत्त्याचा शोध यांत अर्धा दिवस सहज जातो. सहा मुक्काम म्हणजे पाच स्थलांतरे, पाच स्थलांतरे म्हणजे अडीच दिवस आणि अडीच दिवस म्हणजे सव्वा लाख रुपये. हा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही, म्हणूनच तो कोणाच्या लक्षात येत नाही.

याच सहलीसाठी व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम असे तीनच मुक्काम ठेवले, तर स्थलांतरे दोनच उरतात. फ्लॉरेन्सहून पिसा साध्या गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. रोमहून नेपल्सला वेगवान गाडी सव्वा तासाच्या आसपास पोहोचवते. सकाळी निघून रात्री त्याच खोलीत परतता येते आणि सामान हलवावे लागत नाही. विमानाचे तिकीटही व्हेनिसला उतरून रोमहून परतण्याचे घ्यावे. भाड्यात थोडा फरक पडला, तरी केवळ विमान पकडण्यासाठी पुन्हा उत्तरेकडे जाण्याचा सुमारे चार तासांचा प्रवास टळतो.

खोली निवडतानाही प्रथम दरपत्रक न पाहता नकाशा पाहावा. फ्लॉरेन्सचे सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशन जुन्या शहराला लागूनच आहे. तेथून चालत जाता येईल अशी खोली थोडी महाग असली, तरी टॅक्सीचे भाडे वाचते. व्हेनिसमध्ये निवड अधिक अवघड होते. पाण्यापलीकडील मेस्त्रे येथे खोल्या स्वस्त मिळतात आणि मेस्त्रेहून सांता लुचिया स्टेशन गाडीने सुमारे दहा मिनिटांवर आहे. मेस्त्रे स्टेशनजवळची खोली हा व्यवहार्य पर्याय होय. परंतु बस, गाडी आणि जलबस अशा तीन वाहनांनी गाठावी लागणारी खोली म्हणजे ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’. जलबसच्या पंचाहत्तर मिनिटांच्या एका तिकिटालाच साडेनऊ युरो मोजावे लागतात. शिवाय व्हेनिसच्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी वाटेतील पूल मोजूनच खोली घ्यावी आणि इमारतीत उद्वाहक आहे की नाही, हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे. अनेक शहरांत माणशी, दर रात्रीचा पर्यटक कर हॉटेलात वेगळा भरावा लागतो. तोही हिशोबात धरावा.

रेल्वेचे नियोजन दोन प्रकारचे असते. फ्रेच्चारोस्सा आणि इटालो या वेगवान गाड्यांचे भाडे विमानाप्रमाणे बदलत राहते. आधी घेणाऱ्याला ते पुष्कळ कमी पडते, परंतु सर्वांत स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. याउलट ‘रेज्योनाले’ या प्रादेशिक गाड्यांचे भाडे अंतरानुसार ठरलेले असल्याने त्यांचे तिकीट आयत्या वेळी काढले तरी चालते. मात्र कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्राचा शिक्का घ्यावाच लागतो, अन्यथा खिशात तिकीट असूनही दंड होतो.

येथे क्रमाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा द्यावा लागतो. तेव्हा विनाशुल्क रद्द करता येईल असे निवासाचे आरक्षण आधी करावे आणि परतावा नसलेली रेल्वे तिकिटे व्हिसा हाती आल्यावरच घ्यावीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो वेळेवर केला, तर स्वस्त तिकीट आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी साधतात.

भाड्याच्या मोटारीचा मोह मात्र आवरावा. अनेक शहरांच्या जुन्या भागांत ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्र असते. तेथे विनापरवाना शिरलेल्या गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपतो आणि दंडाची सूचना कित्येक महिन्यांनी घरी येऊन पोहोचते. तस्कनीच्या शेतघरात दोन-तीन रात्री राहायचे असेल, तर मोटारीला पर्याय नाही. तेव्हा ती शहराबाहेर ताब्यात घेऊन शहराबाहेरच परत करावी आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत ठेवावा.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ‘पुन्हा थोडेच जाणे होणार आहे? जेवढे पाहता येईल तेवढे पाहून घ्यावे.’ या म्हणण्यामागची भावना खोटी नाही. वर्षानुवर्षे काटकसर करून जमवलेल्या पैशांतून एकदाच घडणारी ही सहल असते. परंतु नेमक्या याच कारणासाठी तिचे दिवस स्टेशनांवर आणि हॉटेलच्या स्वागतकक्षात खर्ची पडू नयेत. दिवसभराची गर्दी ओसरल्यावर व्हेनिसच्या कालव्याकाठी निवांत बसता यावे, यासाठीच तर एवढा खर्च केलेला असतो.

म्हणून तिकीट काढण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने आखावेत : रात्र, मुक्काम आणि जवळचे स्टेशन. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम त्याच शहरात ठेवावा, कारण इटलीत रेल्वेचे संप वारंवार होतात. तिन्ही रकान्यांतील प्रत्येक ओळ भरली, की मगच पैसे भरावेत. एखादी ओळ जरी रिकामी राहिली, तरी आखणी अपुरी आहे असे समजावे आणि यादीतील एक शहर खोडावे.