भिंत दिसते, पहारा दिसत नाही

चीनच्या इंटरनेटचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष हमखास उभे राहतात. पहिल्याच्या लेखी चीन म्हणजे एक अवाढव्य तुरुंग. आतल्यांना बाहेरचं काही कळत नाही, तोंड उघडायची सोय नाही, आणि परदेशी संकेतस्थळं अडवणारी भिंत पडली की कम्युनिस्ट पक्षही पडणार. दुसरा पक्ष त्याच भिंतीवर लट्टू आहे. अमेरिकी कंपन्यांना वेशीवर अडवलं म्हणून अलीबाबा, टेन्सेंट उभ्या राहिल्या, देशाला शिस्त लागली. आपल्याकडेही असंच हवं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन्ही पक्ष चूक मात्र एकच करतात. दोघांची नजर भिंतीवर खिळलेली असते. नियंत्रणाचं खरं काम आत, कंपन्यांच्या कचेऱ्यांत चालतं, आणि माणसं एकत्र येऊ न देणं हा त्याचा मुख्य हेतू आहे.

आधी पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ. मार्च 2000 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी इंटरनेटला वेसण घालण्याच्या चिनी खटाटोपाची जाहीर टर उडवली होती. भिंतीवर जेली खिळ्यांनी ठोकण्यासारखा हा प्रकार, असं त्यांचं म्हणणं. पुढे जेली ठोकली गेली. 2009 मध्ये यूट्यूब, फेसबुक, ट्विटर बंद झाले; 2010 मध्ये गुगलने आपलं सर्च मुख्य भूमीवरून हाँगकाँगला हलवलं. मग हा पक्ष दुसऱ्या टोकाला गेला: भिंत अभेद्य, आतले सगळे अंधारात.

यूयू चेन आणि डेव्हिड यांग या अर्थतज्ज्ञांनी हे प्रत्यक्ष तपासून पाहिलं. बीजिंगमधल्या विद्यार्थ्यांना त्यांनी भिंतीपलीकडे नेणारं साधन फुकट दिलं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जवळपास निम्म्यांनी ते सुरूच केलं नाही. ज्यांनी केलं, तेही बंदी असलेल्या परदेशी बातम्यांकडे फारसे फिरकले नाहीत. मात्र इथेच थांबणारा अर्धंच वाचतो. काही विद्यार्थ्यांना छोटी बक्षिसं लावून त्या बातम्या वाचायला लावल्या, तेव्हा बक्षिसं संपल्यावरही त्यांचं वाचन चालू राहिलं. काहींनी ते साधन चालू ठेवायला पदरचे पैसे मोडले. सरकारकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही बदलली. ‘चिनी माणसाला हे नकोच आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा दुसरा भाग जरूर वाचावा.

चिनी माणूस मुका आहे, हेही खरं नाही. 23 जुलै 2011 रोजी वेन्झोउजवळ दोन वेगवान गाड्यांची टक्कर होऊन 40 जण दगावले. अपघातग्रस्त डबा तिथेच खड्ड्यात पुरला जात असल्याची छायाचित्रं वेइबो या चिनी समाजमाध्यमावर पसरली आणि लोकांनी रेल्वे खात्याची अब्रू अक्षरशः वेशीवर टांगली. पुरलेलं पुन्हा उकरावं लागलं.

मग पुसलं काय जातं? गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स या राज्यशास्त्रज्ञांनी पुसला जाण्याआधीचा मजकूर गोळा करून 2013 मध्ये उत्तर दिलं. नेत्यांवरची जहाल टीका अनेकदा टिकते; ज्या मजकुरातून लोक रस्त्यावर उतरू शकतील तो जातो, मग त्यात सरकारची स्तुती का असेना. पुढे त्यांनी चीनमध्ये स्वतःचंच एक संकेतस्थळ उघडलं, मजकूर गाळणारं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि ते विकणाऱ्यांच्याच मदत-कक्षाला विचारलं, की सरकारची खप्पामर्जी टाळायची तर काय काय गाळावं. बाहेरच्याने आत कसं डोकवावं, याचा हा वस्तुपाठच.

त्यांचे हे निष्कर्ष जुने झाले, असा आक्षेप येईल. तो निम्मा बरोबर आहे. शी जिनपिंग यांच्या काळात टीकेलाही जागा आक्रसली. पण ती आक्रसली कशी, ते बघा. सप्टेंबर 2013 मध्ये चिनी सर्वोच्च न्यायालयाने नियम केला: बदनामीकारक खोटा मजकूर 5,000 वेळा पाहिला गेला किंवा 500 वेळा पुढे धाडला गेला, तर लिहिणाऱ्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते. शिक्षेचं माप काय? मजकूर किती खोटा, हे नव्हे. किती जणांपर्यंत पोचला, हे. माझा मुद्दा या नियमाने खोडला जात नाही, उलट पक्का होतो.

आणि हे पुसण्याचं काम करतं कोण? एप्रिल 2018 मध्ये सरकारने बाइटडान्स कंपनीचं विनोदाचं एक लोकप्रिय ॲप बंद करायला लावलं. संस्थापक झांग यीमिंग यांनी जाहीर माफीनामा लिहिला आणि मजकूर तपासणारे कर्मचारी 6,000 वरून 10,000 करण्याचं वचन दिलं. हे दहा हजार पहारेकरी सरकारी नोकर नव्हेत, त्यांचा पगार खासगी कंपनी देते. चुकीचं राहून गेलं तर कंपनी बुडते, बरोबर असलेलं पुसलं गेलं तर कुणी विचारत नाही. अशा हिशेबात कंपनी सांगितल्याहून जास्तच पुसणार.

आता भिंतीचे भक्त. भिंतीने देशी कंपन्या घडवल्या, हा त्यांचा हुकमी एक्का. पण ईबे या अमेरिकी कंपनीला कुणी अडवलं नव्हतं. अलीबाबाच्या ताओबाओने तिला खुल्या बाजारात पाणी पाजलं आणि 2006 मध्ये तिने तिथला गाशा गुंडाळला. उबरनेही भिंतीमुळे नव्हे, दीदी या देशी कंपनीपुढे टिकाव न लागल्याने 2016 मध्ये चीनमधला धंदा विकला. भिंतीचा फायदा काहींना झालाच. पण कर्तबगारीचं सगळं श्रेय पहारेकऱ्याच्या पदरात टाकायचं कारण नाही.

त्यांचा दुसरा एक्का संस्कृतीचा: चिनी मनाला सुव्यवस्था प्रिय, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. तैवानमध्येही चिनी संस्कृतीच नांदते, आणि तिथलं इंटरनेट खुलं आहे. खुद्द चीनच्या राज्यघटनेचं 35 वं कलम भाषण, प्रकाशन आणि सभेचं स्वातंत्र्य देतं. भिंतीचे जनक म्हणवले जाणारे फांग बिनशिंग 2011 मध्ये वुहान विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांच्यावर बूट भिरकावला गेला. तो कुणा पाश्चात्त्याने फेकला नव्हता.

आणि शिस्तीची किंमत? वुहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी डिसेंबर 2019 च्या अखेरीस वर्गमित्रांच्या गटात नव्या आजाराची सूचना दिली. 3 जानेवारीला पोलिसांनी त्यांच्याकडून ताकीदपत्रावर सही घेतली. 7 फेब्रुवारीला त्याच आजाराने ते गेले. मार्चमध्ये सरकारनेच ती ताकीद रद्द केली. त्याच महिन्यात ‘रेनवू’ मासिकाने त्यांच्या सहकारी डॉक्टर आय फेन यांची मुलाखत छापली. ती पुसली गेली, तशी लोकांनी ती उलटी लिहून, मोर्स संकेतात, इमोजींत, हाडांवर कोरल्या जाणाऱ्या पुरातन लिपीत पुन्हा पुन्हा टाकली. मजकूर एव्हाना अनेकांनी वाचलेला होता. तो पुढे पाठवणं हीच एकत्र येण्याची कृती होती, म्हणूनच तिच्यावर वरवंटा फिरला.

‘भारत तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे?’ नाही. 2019 च्या ऑगस्टपासून काश्मीरने किती महिने इंटरनेटविना काढले, ते आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याचं कुसळ दाखवताना आपलं मुसळ लपवू नये. तरीही एक फरक मोलाचा आहे. 2012 मध्ये मुंबई बंदविषयीच्या फेसबुक मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातून जो खटला उभा राहिला, त्यात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम रद्द केलं. शिवाय, मजकूर काढायला लावायचा तर न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश हवा, कंपनीने स्वतः न्यायाधीश होऊ नये, हेही बजावलं. चिनी यंत्रणा नेमकी याच्या उलट पायावर उभी आहे.

म्हणून आपल्याकडे कुणी ‘चीनसारखी भिंत बांधा’ म्हणाला, तर मला फारशी धास्ती वाटत नाही; भिंत डोळ्यांना दिसते, तिच्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं. धास्ती वाटते ती ‘कंपन्यांनाच जबाबदार धरा, वेळ कमी द्या, दंड जबर ठेवा’ या साध्यासुध्या, शहाण्या वाटणाऱ्या मागणीची. ती मान्य झाली की सरकारला काही पुसावंच लागत नाही. ते काम घाबरलेली कंपनी करते, आणि कुणाचं काय पुसलं गेलं याचा आदेशच नसल्याने आव्हान तरी कशाला द्यायचं, हा प्रश्न उरतो. चीनकडून शिकण्यासारखा धडा हाच, आणि तो टाळण्यासाठी शिकायचा.