ठिणगीची वेळ कोणाच्या हाती?

१/ हातकणंगले तालुक्यातील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पिस्टन घडतात, फौंड्र्यांमध्ये इंजिनांचे भाग ओतले जातात. वारणा आणि पंचगंगा यांच्या मधल्या याच पट्ट्यात ऊस डोलतो आणि उसापासून निघणारे इथेनॉल आता देशभरच्या पेट्रोलमध्ये मिसळले जाते. इंजिनाच्या धातूत आणि इंधनात या मातीचा वाटा आहे. त्या इंधनाला ठिणगी नेमकी कधी द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार मात्र इथल्या मेस्त्रीकडे उरलेला नाही. तो कसा गेला आणि अंशतः तरी परत का मिळावा, याविषयीचा हा धागा.

२/ आधी मूळ प्रश्न. पिस्टन वर येऊन हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबतो आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. परंतु ज्योत पसरण्यास वेळ लागतो. तो ढोबळमानाने २ मिलिसेकंद धरला, तर मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या गतीने फिरणारा क्रँक तेवढ्यात १२ अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांना ३६ अंश. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते आणि गती वाढेल तशी ती आणखी अलीकडे आणावी लागते.

३/ ठिणगी उशिरा पडली तर गाडीत जोर राहत नाही, इंजिन तापते, पेट्रोल वाया जाते. फार लवकर पडली तर उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच एकदम भडकते आणि हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. गॅरेजच्या भाषेत हेच ‘नॉकिंग’. ते दीर्घकाळ चालले तर पिस्टनच्या माथ्याला भोकही पडते. पिस्टनचे आयुष्य ते ओतणाऱ्याइतकेच टायमिंग लावणाऱ्याच्या हाती असते.

४/ प्रारंभी हे काम खुद्द चालकाचे होते. १९०२ मध्ये बॉश कंपनीतील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग ही जोडी सिद्ध केली. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगच्या खाली डाव्या बाजूस ठिणगीची वेळ बदलण्याचा दांडा होता. हँडल मारताना तो मागे घेण्यास चालक विसरला, तर हँडल उलट फिरून मनगट मोडण्याची भीती असे.

५/ पुढे चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने बॅटरीवर चालणारी प्रज्वलन व्यवस्था दिली. डिस्ट्रिब्यूटरमधील फिरती वजने गती वाढताच ठिणगी आपोआप अलीकडे आणू लागली, तर व्हॅक्यूमचा पडदा इंजिनावरचा भार पाहून त्यात भर घालू लागला. कंपनीचे नाव यंत्रालाच चिकटले. भारतातील अनेक गॅरेजांत डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’ म्हणतात, ते यामुळेच.

६/ सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० आणि तिचीच वारसदार पद्मिनी या गाड्यांनी मराठी मुलखातील मेकॅनिकांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. तिचे १,०८९ सीसीचे इंजिन, १-३-४-२ हा ठिणग्यांचा क्रम आणि एक बोल्ट सैल केला की हाताने फिरणारा डिस्ट्रिब्यूटर, एवढ्यावर शिक्षणाचा श्रीगणेशा होत असे.

७/ पद्धत साधी, पण कसब मागणारी होती. सीबी पॉइंट घासून स्वच्छ करायचे, फीलर गेजने सुमारे ०.४ मिलिमीटरची फट राखायची. पुलीवरची खूण जुळवून पॉइंटला बारीक दिवा जोडायचा आणि पॉइंट उघडताच दिवा लागेल तिथे डिस्ट्रिब्यूटर आवळायचा. मग गाडी चढणीवर घालायची. टॉप गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर हलकी टकटक ऐकू आली आणि लगेच विरली, तर टायमिंग बसले.

८/ कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी विद्या वर्गात शिकवली जात नव्हती. ती हाताखाली राहून उचलावी लागे. शेतीच्या तेलइंजिनांनी हा परिसर यंत्रकुशल केला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, तिथे इंधन फवारण्याची वेळ साधावी लागते; पण विद्येची जातकुळी एकच. दुरुस्ती करता करता सुटे भाग घडवणे आणि त्यातून कारखाना उभा राहणे, ही वाट अनेकांनी चालली.

९/ तथापि त्या काळाचे गोडवे गाणे इतिहासाला धरून होणार नाही. पॉइंट झिजत, फट बदले, टायमिंग सरके. प्रत्येक मेस्त्रीचा कान वेगळा. धूर आणि अपव्यय दोन्ही अफाट. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि २००० मध्ये शिसेविरहित पेट्रोल देशभर आले, तेव्हा कानाने लावलेले टायमिंग अपुरे पडणे अटळ होते.

१०/ उत्तर संगणकात होते. बॉशच्या मोट्रॉनिक प्रणालीने १९७९ मध्ये इंधनाची फवारणी आणि ठिणगी यांचे नियंत्रण एकाच संगणकाकडे सोपवले. त्याच्या स्मृतीत एक तक्ता असतो: एका बाजूस इंजिनाची गती, दुसऱ्या बाजूस भार आणि प्रत्येक चौकटीत ठिणगीचे अंश. दोन वजने आणि एक पडदा जे ढोबळपणे करत, ते हा तक्ता चौकटीगणिक करतो. मेस्त्रीचा कान आता नॉक सेन्सर झाला.

११/ या स्थित्यंतरात एक मधला टप्पा होता, तो अभ्यासकांनी विशेष पाहावा. काही गाड्यांत संगणकही होता आणि हाताने फिरणारा डिस्ट्रिब्यूटरही. तिथे टायमिंग लावण्याआधी तपासणीच्या सॉकेटमधील दोन टोके तारेने जोडून संगणकाला थांबवावे लागे; अन्यथा हात जे बदलेल ते तो तत्क्षणी सावरून घेई. ती तार म्हणजे मनुष्य आणि यंत्र यांच्यातील तह होता.

१२/ पुढे डिस्ट्रिब्यूटरच गेला. क्रँकवरचा सेन्सर आणि प्रत्येक प्लगची स्वतंत्र कॉइल आली, फिरवण्यासारखे काही उरले नाही. तक्ता बंद पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली कंपनीकडे. तंत्रज्ञानाला तक्ता आवश्यक होता, कुलूप आवश्यक नव्हते. कुलूप हा व्यापारी निर्णय होता, आणि या इतिहासातील खरे वळण तेच आहे.

१३/ याची दखल भारतात घेतली गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा ठपका होता. दंडाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. परंतु स्वतंत्र मेस्त्रीला ज्ञानापासून तोडणे हा बाजारपेठेवरचा अन्याय आहे, हे तत्त्व त्या आदेशाने नोंदवून ठेवले.

१४/ विरुद्ध बाजूचा युक्तिवाद वजनदार आहे. किल्ली सर्वांना दिली तर रिमॅपच्या नावाखाली कोणीही धूर वाढवील, इंजिने फोडील. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनमानी बदलांना आवर घालते, ते योग्यच. पण कुलूप म्हणजे प्रामाणिकपणाची हमी, हे गृहीतक २०१५ मध्ये कोसळले. सुमारे १ कोटी १० लाख फोक्सवॅगन गाड्यांतील संगणक चाचणी ओळखून तेवढ्यापुरतेच स्वच्छ वागत होते. बंद पेटीतली लबाडी खुद्द कंपनीची होती.

१५/ त्याच वर्षी अमेरिकेत मालकाला आपल्या गाडीच्या सॉफ्टवेअरपर्यंत दुरुस्तीसाठी आणि कायदेशीर बदलासाठी पोहोचण्याची मुभा प्रताधिकार कायद्यातून मिळाली. प्रदूषणाचे नियम मात्र कायम राहिले. किल्ली आणि शिस्त एकत्र नांदू शकतात, याचा हा दाखला.

१६/ हा प्रश्न आज इथेनॉलमुळे ऐरणीवर आला आहे. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, मुळात इथेनॉलविरहित इंधनासाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटते. १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांत ही घट केवळ १ ते २ टक्के. इथेनॉल नॉकिंगला अधिक दाद देत नाही, त्यामुळे ठिणगी थोडी अलीकडे आणून तोट्याचा काही भाग भरून काढता येतो. हे काम जुळवणीचे आहे.

१७/ कार्बोरेटरच्या गाडीत मेस्त्री जेट बदलून, डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून हे साधू शकतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकाच्या गाडीत त्याचे हात बांधलेले आहेत. म्हणजे मधल्या पिढीची गाडी सर्वांत असहाय आहे, आणि सर्वसामान्य कुटुंबाच्या दारात बहुधा तीच उभी आहे.

१८/ उपाय आवाक्यातले आहेत. उत्पादन थांबलेल्या गाड्यांसाठी २० टक्के मिश्रणाला अनुरूप तक्ते कंपन्यांनी प्रसिद्ध करावेत. प्रशिक्षित स्वतंत्र गॅरेजांना ते भरण्याचा परवाना मिळावा आणि त्यानंतर धुराची चाचणी बंधनकारक असावी. आयटीआयच्या अभ्यासक्रमात सेन्सर बदलण्याबरोबर तक्ता वाचणेही शिकवावे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. त्या चौकटीत हे बसते.

१९/ यंत्रांचा इतिहास बहुधा शोध लावणाऱ्यांच्या आणि कारखानदारांच्या नावांनी लिहिला जातो. परंतु एखादे यंत्र एखाद्या समाजाने खरोखर आत्मसात केले की नाही, हे त्याची जुळवणी कोण करतो यावरून कळते. शिरोलीत पिस्टन ओतता येतो, पण तो कधी पेटावा हे विचारण्याची सोय नाही. एवढी कुशल भूमी केवळ सुटे भाग पुरवत राहावी, हे पटण्यासारखे नाही.