पदवी हवीच, पण पान्हा कोण धरणार?



ऊस एकदा गव्हाणीत पडला की आपले काम संपले, असे आपण समजतो. पहिली उचल किती आणि उतारा किती, एवढे दोन आकडे ऐकले की आपण घरी. मीही त्यातलाच. पण मागल्या हंगामात एका कामासाठी कारखान्यावर थांबावे लागले आणि मिल हाऊसमध्ये दोन तास उभा राहिलो.

तिथे एक वेल्डर फिरत्या रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे थेंब चढवीत होता. दात गुळगुळीत झाले की ऊस घसरतो, नीट दाबला जात नाही आणि रस चिपाडाबरोबर निघून जातो. चिपाडात गेलेला रस म्हणजे तुमच्या-माझ्या टनाचा पैसा! हे काम करणारा गडी परजिल्ह्यातला निघाला. त्यात वाईट काही नाही, हातात कसब आहे त्याला मान मिळालाच पाहिजे. मी सहज विचारले, "इथलं कुणी शिकतंय का तुमच्या हाताखाली?" तो नुसता हसला.

मला माझा पुतण्या आठवला. बी. ए. झाला त्याला पाच वर्षे झाली. शिक्रापूरच्या चाकण चौकात सकाळी बसची वाट पाहतो, रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगला जातो आणि काही महिने भरले की घरी बसतो. यात कॉलेजचा दोष काढण्यात अर्थ नाही. दहावीनंतर त्याच्या गुरुजींनी आयटीआय सुचवले होते. मीच म्हणालो, "बागायतदाराचं पोरगं कानस घासत बसणार का?" त्या एका वाक्याचा मला आज पश्चात्ताप होतो. पोरगं मात्र अजून मला काही बोललेलं नाही.

थोडा इतिहास पाहू. पुणे विद्यापीठ स्थापन झाले १९४९ साली. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. आणि कारागीर प्रशिक्षणाची, म्हणजे आयटीआयची, केंद्र सरकारची योजनाही १९५० चीच. तिन्ही भावंडे एका वयाची. त्यांतल्या विद्यापीठाला आपण देव्हाऱ्यात बसवले, कारखान्याला घरचे मानले आणि तिसऱ्याला ओसरीवर ठेवले.

विद्यापीठाविरुद्ध मी बोलत नाही. ज्या घरात तीन पिढ्या अंगठा उठत होता तिथे वकील, प्राध्यापक, डॉक्टर झाले ते त्याच्याच जोरावर. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली, सहकारातल्या मंडळींनीही ठिकठिकाणी ती उभी केली, आणि शेतकऱ्याचे पोर इंजिनिअर झाले. हे मोठेच काम. पण एका इंजिनिअरने काढलेला नकाशा लोखंडात उतरवायला फिटर लागतो, टर्नर लागतो, वायरमन लागतो. त्यांची सोय कुणी पाहायची? बॉयलरवर उभे राहायला तर सरकारी परीक्षेचे प्रमाणपत्र लागते. तिथे पाहुणेरावळे चालत नाहीत, हे एक बरे आहे.

आज राज्यात चारशेवर शासकीय आयटीआय आहेत. फी परवडण्यासारखी. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर-इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. भगिनींनी हे जरूर ध्यानात घ्यावे. शिवाय दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आहे आणि पदविका झाल्यावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआयला गेला तो कायमचा खाली राहिला, हा आपला समज खोटा आहे. ज्याला वाटले तो पुढे पदवीपर्यंत जाऊ शकतो. ज्याला नाही वाटले त्याच्याजवळ निदान धंदा आहे. इलेक्ट्रिक मोटर जळाली की आपण रिवाइंडिंगवाल्याच्या दारात चार-चार तास बसतो आणि तो म्हणेल तो आकडा निमूट देतो, हा अनुभव कुणाला नाही?

आता सरकारकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये, कारण एक गोष्ट आपल्याही अंगणातली आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. त्याच्या सध्याच्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने, ठेकेदाराकडची धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत. सहाशे माणसे धरली तर निदान पंधरा पोरे झाली. त्यांना विद्यावेतन द्यावे लागते आणि त्यातला काही भाग ठरावीक मर्यादेपर्यंत केंद्र सरकार सोसते. सीझनमध्ये चालती मिल आणि ऑफ सीझनला ओव्हरहॉलिंगसाठी उघडलेली मिल, दोन्ही एकाच जागी पाहायला मिळतात, अशी शाळा मुलांना दुसरीकडे कुठे मिळणार? आयटीआयच्या वर्कशॉपात टर्बाइन नसते. आपल्याकडे आहे.

काही सभासद म्हणतील, शिकवून तयार केलेली पोरं रांजणगाव, सणसवाडीच्या कंपन्यांत निघून जातील. जातील की! पॅकिंगला जाण्यापेक्षा फिटर म्हणून गेलेली काय वाईट? उसाच्या बिलातून शिक्षणाच्या नावाने होणाऱ्या कपाती आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. त्यातून इमारती उठल्या, आता थोडी माणसे उठू द्यात.

येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी मुदतीत दोन प्रश्न लेखी देणार आहे. कारखान्यात आज शिकाऊ उमेदवार किती आणि त्यांत सभासदांची मुले-मुली किती? आणि मिल, बॉयलर व इलेक्ट्रिक विभागांतले जुने कसबी कामगार येत्या पाच वर्षांत किती निवृत्त होणार, त्यांच्या हाताखाली आज कोण उभे आहे? आपापल्या गटातून आणखी कुणी सही करणार असेल तर शिक्रापूरच्या गट ऑफिसात अर्ज ठेवला आहे. पुतण्याची सही पहिली आहे. त्याच्या नावावर दहा गुंठे आणि एक शेअर आहे.