काचेच्या पेटीला सांडवा

दिवाणखान्यात मासे पाळण्याची हौस आता लहान गावांतही चांगली रुजली आहे. पेटी तीन फुटांची झाली की हौशी माणसाला गाळणी तिच्या आत नकोशी वाटते. मग खालच्या कपाटात दुसरी टाकी येते, तिला संप म्हणतात. वरचे पाणी खाली उतरते, तिथे गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. चढवणे सोपे आहे, उतरवायचे कसे हा खरा प्रश्न. त्यासाठी काचेला भोक पाडायचे म्हटले की घरातली वडीलधारी मंडळी चहाचा कप खाली ठेवतात.

भोक न पाडताही पाणी उतरते. काठावरून वाकडी नळी टाकली की सायफनने धार लागते. पण आपल्याकडच्या विजेचा लहरीपणा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी इथे जरा थांबावे. वीज गेली की धार थांबते. नळीत हवा साठली असेल तर वीज आल्यावर पंप सुरू होतो, धार मात्र सुरू होत नाही. संपातले पाणी वर चढत राहते, पेटी काठोकाठ भरते आणि पुढचे गालिच्यावर. हे सहसा रात्री किंवा सगळे लग्नाला गेलेले असतानाच घडते! भोकातून उतरणाऱ्या पाण्याला धार नव्याने लावावी लागत नाही. पातळी वर आली की ते आपोआप वाहू लागते.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. तळे भरून वाहू लागले की कन्नडमध्ये 'केरे कोडी बिद्दिदे' म्हणतात. मराठीत तोच सांडवा. काठाचा एक भाग ठरवून खाली ठेवायचा, की तळ्याची पातळी त्याच्यावर फारशी जात नाही.

या विद्येचा थाट पाहायचा असेल तर बुऱ्हाणपूरला जावे. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेला टेकलेले, आपल्यासारखेच एकाहून अधिक भाषांत वावरणारे हे गाव. जहांगीर बादशहाच्या काळात, 1615 च्या सुमारास, तिथे अब्दुल रहीम खानखानाची सत्ता होती. दोहे लिहिणारा रहीम तो हाच. तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत धरले. त्यालाच कुंडी भंडारा म्हणतात, बोलण्यात 'खुनी भंडारा'. बोगद्यावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या आहेत, शंभराहून जास्त. त्यांतून हवा आणि उजेड आत जातो, गाळ काढायला माणूस उतरतो. हे पाणी जाली करंज नावाच्या हौदात जमायचे आणि तिथून शहरात जायचे. पंप कुठेच नाही, सगळा खेळ उताराचा! उतार जास्त झाला तर बोगदा खचतो, कमी झाला तर गाळ बसतो. 2024 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत या भंडाऱ्याचे नाव आले. बिदरचे कारेझ आणि विजापूरची सुरंग बावडी याच जातीची. विजापुरात वाटेवर जे गंज उभे दिसतात त्यांचे काम नळातला दाब मोडण्याचे. पाणी उंच मनोऱ्यात चढून मोकळे व्हायचे, गाळ खाली बसायचा. लहान मुले त्यांना किल्ल्याचे बुरूज समजतात.

आता काचेकडे. पहिली गोष्ट, टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही. ती तापवून एकदम गार केलेली असते. तिच्या पोटात ताण कोंडलेला असतो, ड्रिल टेकला की तिचा चुरा होतो. पेटीचा तळ पुष्कळदा याच काचेचा असतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: काचेमागे लॅपटॉपचा पांढरा पडदा धरावा आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहावे. काळे डाग किंवा रंगीत पट्टे दिसले तर नाद सोडावा. भोक मागच्या काचेला, वरच्या बाजूला घ्यावे. तिथे पाण्याचा दाब कमी असतो. काठापासून निदान भोकाच्या व्यासाइतके अंतर हवे.

पेटी रिकामी करून आडवी ठेवावी. हिऱ्याची पूड लावलेला गोल कटर घ्यावा, साधा बिट चालत नाही. आतून चिकटपट्टी लावावी. वर पुट्टीचे आळे करून त्यात पाणी ठेवावे, म्हणजे काच तापत नाही आणि भुकटी उडत नाही. ड्रिल बॅटरीवरचा असावा, पाणी आणि वीज यांची गाठ घालू नये. डोळ्यांवर चष्मा हवाच. वेग कमी, हातावर जोर नाही, आणि शेवटी तर हात अगदी हलका, कारण काच पलीकडून सुटताना कपची उडते. घाई करणाऱ्याने हे काम काचवाल्याकडेच द्यावे, त्यात कमीपणा नाही.

भोकात छपरावरच्या टाकीला बसवतात तसा टँक निपल बसतो. रबराचे वायसर कॉलरच्या बाजूला, आणि चावी हाताने बसेल तेवढीच. पान्याने आवळली की काच तडकते. आतून त्याच्याभोवती दाते असलेली काचेची पेटी चिकटवली की तो झाला सांडवा, आणि मासे नळीत जात नाहीत. दुसरे भोक राखीव ठेवावे, पहिल्यात पान अडकले तर उपयोगी पडते.

हिशेब संपाचा राहिला. पेटी 90 बाय 45 सेंटिमीटर असेल तर पातळी 1 सेंटिमीटर उतरली की सुमारे 4 लिटर पाणी खाली येते. वीज गेल्यावर 3 सेंटिमीटर उतरले तर 12 लिटर, शिवाय नळीतले वेगळे. संपात तेवढी जागा रिकामी नसेल तर वरचा पूर टळून खालचा येतो. म्हणून पंप स्वतः बंद करून पाहावा, पाणी कुठवर चढते तिथे रेघ मारावी. मग पेटीखाली जुनी वर्तमानपत्रे अंथरून रात्रभर ठेवावी. सकाळी कागद कोरडे असतील तर मासे सोडायला हरकत नाही.