मृगाच्या आधी छतावर चढा!

परवाच्या अवकाळी पावसात चिमूरच्या एका वस्तीत एका आजीला आपल्या घरकुलात पाच भांडी मांडावी लागली. घमेलं, बादली, दोन गंज आणि शेवटी पिठाचा डबा रिकामा करून तोही. स्लॅब टाकून तीन पावसाळेही झालेले नाहीत. आजी रात्रभर बाजेवर प्लास्टिक पांघरून बसून होती. मागच्या कवेलूच्या कोठ्यात मात्र बैल कोरड्यात उभे होते, कारण कोठा चैत्रातच फेरून, म्हणजे कवेलू उतरवून पुन्हा रचून झाला होता. नवं घर फेरावं लागत नाही, असं सांगून गवंड्यानं आजीला निर्धास्त केलं होतं.

हा समज गावाला बुडवतो आहे. कवेलूचं घर दरसाल फेरणी मागतं म्हणून लोकांनी स्लॅब टाकला आणि त्या दिवसापासून वर पाहणंच सोडलं. आजीचा स्लॅब ऐन मे महिन्यात टाकला गेला. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा तेव्हा देशात वरच्या नंबरात असतो. नळाला पाणी नव्हतं, म्हणून तराई चार दिवसांत आटोपली. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, कोरड्या-तापत्या हवेत किमान १० दिवस आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर १४ दिवस ओल ठेवायला सांगितलं आहे. बाजारातली बहुतेक पोती याच सिमेंटची असतात. त्यात माल पातळ केला, उतार दिला नाही, पाणी जायला नळी बसवली ती पळसाच्या पानांनी बुजली. मग गळेल नाही तर काय होईल?

घरकुलासाठी ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागाला १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागाला १ लाख ३० हजार रुपये ठरले. घर किमान २५ चौरस मीटरचं. एवढ्या छतावर हजार मिलीमीटर पाऊस पडला तर २५ हजार लिटर पाणी होतं, आणि आपल्याकडे पाऊस सहसा हजाराच्या वरच पडतो. ते पाणी कुठून उतरणार आणि कुठं जाणार, हे बांधतानाच ठरवायला हवं. वळचणीचं पाणी जोत्यापाशी मुरलं की काळी माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला भेग देते. मग दरसाल पुट्टी, दरसाल रंग, दरसाल मजुरी. जोत्याभोवती तीन फुटांचा उतरता फरसा असता तर यातला बराच खर्च वाचला असता.

कोणी म्हणेल, सरकारनं दिलं, सरकारच पाहील. घर ज्याच्या नावावर आहे त्यानं हे बोलू नये. कोणी म्हणेल, टिन टाका अन् मोकळे व्हा. ज्यानं मे महिन्यात टिनाखाली दुपार काढली आहे, तो हे सुचवणार नाही.

गावातल्या मंडळाच्या पोरांनी गेल्या उन्हाळ्यात एकट्या म्हाताऱ्यांची घरं फेरून दिली, चहाशिवाय काही घेतलं नाही. वानरांनी फोडलेली कवेलू बदलली, उधळी लागलेले फाटे काढले. याच तालुक्यात गोंदेड्याच्या गुंफेत तुकडोजी महाराजांनी तपश्चर्या केली, गावोगाव श्रमदान शिकवलं. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर इंग्रजांपुढे वाकलं नाही. घोडायात्रेच्या वर्गणीला इथं हात आखडत नाही, पण शेजारणीच्या स्लॅबवर चढायला माणूस मिळत नाही, याची लाज वाटायला हवी.

मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधी प्रत्येकानं स्लॅब झाडून नळी मोकळी करावी, बादलीभर पाणी ओतून ते कुठं साचतं ते पाहावं. भेगा खरवडून सिमेंट-वाळूनं बुजवाव्यात, वरून चुन्याचे दोन हात द्यावेत. चुन्यानं छत थंडही राहतं; शेजारच्या तेलंगणानं तर २०२३ मध्ये छत थंड ठेवण्याचं धोरणच केलं आहे. मातीच्या भिंतीला पावसाच्या अंगानं ताटी बांधावी. नवा स्लॅब टाकणाऱ्यांनी दिवाळीनंतर टाकावा, दर मीटरला एक सेंटीमीटर उतार सोडावा, वर वाफे करून पाणी भरावं आणि भिंतीबाहेर दीड-दोन फूट छज्जा काढल्याशिवाय गवंड्याचा शेवटचा हिशेब करू नये. कवेलूच्या छताला लागणारा बांबू हिवाळ्यात तोडावा, वापरण्याआधी नाल्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा किंवा बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवावा; चिचपल्लीच्या बांबू केंद्रात हे काम शिकवतात.

येत्या रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, मंडळासमोर जमावं. घरटी एक माणूस, ज्याच्याकडे शिडी आहे त्यानं शिडी, ज्याच्याकडे थापी आहे त्यानं थापी आणावी. सुरुवात आजीच्या स्लॅबपासून होईल. सिमेंटचं पोतं मंडळानं आणून ठेवलं आहे.