न्यायासन आणि लोकमत

अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास येणारे प्रवासी बहुधा आमच्या गांवाचा कोट बाहेरूनच पाहतात व पुढें निघून जातात. परंतु या जुन्या गांवालाहि एक आठवण आहे. इ. स. १८०३ च्या सप्टेंबर महिन्याच्या २३ व्या तारखेस, येथून फारशा दूर नसलेल्या असई गांवीं, इंग्रज सेनापति वेलस्ली यानें दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. त्या एका दिवसांत एकट्या इंग्रजांकडीलच सुमारें दीड हजार माणसें ठार वा जखमी झालीं, आणि जखमी शिपायांस उपचारासाठीं अजिंठ्यास आणण्यांत आलें. हें युद्ध उद्भवलें तें दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनीं ३१ डिसेंबर १८०२ रोजीं केलेल्या वसईच्या तहामुळें. घरच्या कलहांत हार झाली म्हणजे परक्याच्या दारीं जावयाचें, हा कित्ता बाजीरावांस त्यांच्या वडिलांनींच घालून दिला होता. आणि ते वडील म्हणजे, ज्यांस एका न्यायाधीशानें भर दरबारांत दोषी ठरविलें, ते रघुनाथराव पेशवे होत.

हा जुना इतिहास आज उकरून काढण्यास कारण आहे. न्यायालयानें देशाच्या प्रधानमंत्र्यास पदावरून दूर केल्याच्या वार्ता अलीकडे वारंवार कानीं येतात. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानें १९ जून २०१२ रोजीं यूसुफ रझा गिलानी यांस, व २८ जुलै २०१७ रोजीं नवाझ शरीफ यांस अपात्र ठरविलें. थायलंडच्या घटना-न्यायालयानें १४ ऑगस्ट २०२४ रोजीं श्रेत्था थाविसिन यांस, आणि एक वर्ष उलटतें न उलटतें तोंच, २९ ऑगस्ट २०२५ रोजीं, त्यांच्या मागून आलेल्या पैतोंगतार्न शिनावात्रा यांस पदच्युत केलें. अशा प्रत्येक प्रसंगीं देखावा बहुधा एकच असतो. एका गल्लींत मिठाई वांटली जाते, तर दुसऱ्या गल्लींत न्यायाधीशांच्या नांवानें बोटें मोडलीं जातात. निकालांत काय लिहिलें आहे हें मात्र मिठाई वांटणाऱ्यास ठाऊक नसतें, आणि बोटें मोडणाऱ्यासहि ठाऊक नसतें. मग या आनंदाला व या संतापाला किंमत ती काय, हाच आजचा आमचा प्रश्न आहे.

आपल्या घरचें उदाहरण प्रथम पाहूं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा वध केला. पेशवा म्हणजे मराठी राज्याचा मुख्य प्रधान. त्याच्या रिकाम्या जागीं त्याचे चुलते रघुनाथराव बसले. वधाच्या कटांत त्यांचें अंग किती होतें, याची चौकशी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं केली व रघुनाथरावांस दोषी ठरविलें. प्रायश्चित्त विचारलें असतां शास्त्रीबोवांनीं देहांत प्रायश्चित्तावांचून दुसरें नाहीं असें निर्भयपणें सांगितलें, आणि अशा धन्याची चाकरी नको म्हणून ते पुण्यांतून निघून गेले, अशी परंपरा आहे. त्यांच्यापाशीं फौज नव्हती, खजिना नव्हता, आणि आपल्या निकालाची अंमलबजावणी करणारा एक शिपाईहि नव्हता. रघुनाथरावांनीं निकाल मानला नाहीं, ते पेशवेपदाचीं वस्त्रें घेऊन फौजेसह स्वारीवर निघून गेले.

मग निकाल वायां गेला काय? नाहीं. तो लोकांच्या मनांत राहिला. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके इत्यादि कारभाऱ्यांनीं, ज्यांस इतिहास बारभाई म्हणतो, रघुनाथरावांविरुद्ध मसलत उभी केली. नारायणरावांच्या पश्चात् १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर त्यांस पुत्र झाला, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकाच्या नांवानें राज्य चालूं झालें. बारभाईंचे हेतू सर्वस्वीं निर्मळ होते असें आमचें म्हणणें नाहीं. सत्तेची आस त्यांसहि होती. परंतु एवढें खरें कीं, ज्या मनुष्याच्या हाताला पुतण्याच्या रक्ताचा डाग आहे असें न्यायासनानें सांगितलें, त्याच्या बाजूस उभें राहणें पुष्कळांस लाजिरवाणें वाटलें. रघुनाथराव शेवटीं इंग्रजांकडे गेले व १७७५ च्या मार्च महिन्यांत त्यांनीं सुरतेचा तह केला. त्यांतून जें युद्ध पेटलें तें १७८२ च्या सालबाईच्या तहानें विझलें. रामशास्त्री मात्र पुन्हां सन्मानानें न्यायासनावर आले व १७८९ मध्यें वारले तोंपर्यंत तें काम करीत राहिले. न्यायाचें बळ लोकांच्या मान्यतेंत असतें, याहून चांगला दाखला आम्हांस माहीत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, पेशवा कांहीं लोकांनीं निवडलेला नव्हता. आजचा प्रधानमंत्री लाखों लोकांच्या मतांनीं येतो. त्या लाखोंचा कौल एका न्यायाधीशानें पुसून टाकावा हें कोणत्या न्यायांत बसतें? हा आक्षेप हलका नव्हे, आणि त्यास उडवाउडवीचें उत्तर देणें अप्रामाणिकपणाचें होईल. थायलंडमध्येंच ९ सप्टेंबर २००८ रोजीं समक सुंदरवेज या प्रधानमंत्र्यांचें पद गेलें तें दूरचित्रवाणीवर पाकक्रिया करून दाखविण्याचा मोबदला घेतला म्हणून! कायद्याच्या अक्षरास धरून तो निकाल असेलहि. परंतु स्वयंपाकाच्या कढईपायीं राज्याचा कारभारी जावा हें पाहून सामान्य माणूस थक्क झाला तर त्यास दोष देववत नाहीं. न्यायाधीश हाहि माणूसच. त्याच्या हातून चूक होते, आणि क्वचित् पक्षपातहि होतो. म्हणून निकालावर टीका करण्याचा हक्क प्रजेला असलाच पाहिजे.

परंतु लोकांचा कौल हा कायद्याबाहेर नसतो, हें आक्षेपकानें विसरूं नये. निवडणूक ज्या नियमांनीं होते ते नियम लोकांच्याच प्रतिनिधींनीं केलेले असतात. नियम मोडून मिळविलेला कौल हा कौलच नव्हे. आपल्या देशांत १२ जून १९७५ रोजीं अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति जगमोहनलाल सिन्हा यांनीं, राजनारायण यांच्या अर्जावरून, प्रधानमंत्री इंदिरा गांधी यांची १९७१ सालची रायबरेलीची निवड रद्द ठरविली व सहा वर्षें त्यांस निवडणुकीस अपात्र केलें. प्रचारांत सरकारी नोकरांचें साहाय्य घेतलें, हा दोष होता. कित्येकांस तो क्षुल्लक वाटला, कित्येकांस अक्षम्य वाटला. प्रधानमंत्र्यांच्या निवासापुढें समर्थकांचे जमाव जमले. विरोधकांनीं राजीनाम्याचा घोष केला. सर्वोच्च न्यायालयानें सशर्त स्थगिति दिली. २५ जूनला दिल्लीच्या रामलीला मैदानावर प्रचंड सभा झाली, आणि त्याच रात्रीं देशांत आणीबाणी पुकारण्यांत आली. पुढें कायदा बदलला गेला, व ७ नोव्हेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांची निवड कायम केली.

तेव्हां खरा लोकमताचा निर्णय कोणता? जून महिन्यांतील जयघोष, कीं निषेधाचा गलका? आमच्या मतें दोन्ही नव्हेत. १९७७ च्या मार्चमध्यें लोक मुकाट्यानें मतपेटीपाशीं गेले व त्यांनीं सत्ताधाऱ्यांस घरीं बसविलें. रायबरेलीस स्वतः इंदिराजींचा पराभव त्याच राजनारायणांनीं केला. पुन्हां १९८० मध्यें त्याच लोकांनीं त्यांस परत आणिलें. मतपेटीचें काम मतपेटीनें केलें, न्यायासनाचें काम न्यायासनानें. एकानें दुसऱ्याच्या आसनावर बसूं नये, एवढाच यांतील बोध.

महाराष्ट्रांतहि १२ जानेवारी १९८२ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति लेंटिन यांनीं सिमेंट-वांटपाच्या प्रकरणीं प्रतिकूल निकाल दिला, तेव्हां मुख्यमंत्री अंतुले यांनीं पद सोडलें. राज्य त्यामुळें बुडालें नाहीं. निकाल लागतांच खुर्ची रिकामी करणें, आणि मग वाटल्यास वरच्या न्यायालयांत आपली बाजू मांडणें, हाच सभ्य राज्यांतला सरळ मार्ग होय.

विद्यार्थिमित्रहो, हें सर्व तुम्हांस फार दूरचें वाटेल, पण तसें तें नाहीं. मैदानावर हुतूतूचा सामना चालू असतो. पंच आपल्या गड्यास बाद देतो, आणि लगेच ओरड होते कीं पंच फितूर आहे. चार पळांनीं तोच पंच समोरच्या गड्यास बाद देतो, तेव्हां मात्र आपण टाळ्या पिटतों व पंचाच्या डोळसपणाची वाहवा करतों. पंच तोच, नियम तोच, बदललें तें फक्त आपलें सोयरेपण. ज्या दिवशीं आपल्या गड्यास बाद देणाऱ्या पंचास तुम्ही “बरोबर आहे” म्हणाल, त्या दिवशीं तुम्ही नागरिक झालां असें समजा.

पालकांसहि आमची एक नम्र विनंति आहे. रात्रीं जेवतांना आपण वर्तमानांतील निकालाविषयीं बोलतां, तेव्हां पानावर बसलेलीं मुलें ऐकत असतात. निकालाचें एक पानहि न वाचतां “न्यायाधीश विकला गेला” असें वडिलांनीं म्हटलें, कीं मुलगा दोन गोष्टी शिकतो: पुराव्यावांचून आरोप करावा, आणि आपल्या माणसाचा दोष पाहूं नये. त्यापेक्षां “काय घडलें, कोणता नियम मोडला, आणि हीच गोष्ट आपल्या आवडत्या पुढाऱ्यानें केली असती तर आपण काय म्हटलें असतें?” एवढा प्रश्न ताटावर बसून विचारावा. निकाल चुकीचा वाटला तर तसें कारणें देऊन बोलावें, लिहावें, मत देतांना लक्षांत ठेवावें. परंतु दगड हातीं घेऊं नये, आणि मिठाईहि वांटूं नये. कोणाचेंहि पतन, मग तें न्याय्य असलें तरी, सणासारखें साजरें करण्याची गोष्ट नव्हे.

रघुनाथरावांनीं न्यायासनाचा शब्द मानला असता तर पुढचा इतिहास कसा झाला असता, हें कोणीं सांगावें? परंतु त्यांनीं तो मानला नाहीं व परक्यांची कास धरिली. तीच वाट त्यांच्या पुत्रानें चोखाळली, आणि अखेर तिच्यावरूनच असईचे जखमी शिपाई अजिंठ्यास आले. पुढच्या खेपेस गांवाच्या वेशींतून जातांना, मुलांनो, तेवढी आठवण ठेवा.